माळ्यावरचं सामान

"म्हणजे यांनी माळ्यावरचं सामान काढलं की!" आई असं म्हणाली आणि मी खोखो हसले, पण परत येताना गाडीत तेच डोक्यात फिरत राहिलं.

काल तिला इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या ब्रीन डाउनला, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर, नेलं होतं. गुडघे धरत धरत सगळ्या पायऱ्या चढली बरं का. टोकाला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला दगडी किल्ला आहे आणि त्यालाच चिकटून काँक्रीट-विटांच्या दोन ओबडधोबड खोल्यांसारखं काहीतरी, समोरून उघडं, वर जाड स्लॅब. मी सांगितलं, इथे दुसऱ्या महायुद्धात दोन तोफा बसवल्या होत्या, सहा इंची, नौदलाच्या जुन्या. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याची माणसं परत आली पण तोफा-गाड्या तिकडेच राहिल्या, जर्मन कधीही उतरतील ही धास्ती, नवीन बनवायला वेळ कुठे, मग पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या भंगारात गेलेल्या जहाजांच्या ज्या तोफा जपून ठेवल्या होत्या त्या काढल्या आणि किनाराभर घाईघाईत बसवल्या. स्लॅब विमानांपासून वाचायला. त्यावर आईचं ते वाक्य.

तोफा केव्हाच गेल्या. आत पावसाचं पाणी साचलेलं, त्यात चिप्सचं रिकामं पाकीट तरंगत होतं. शेजारचा दगडी किल्ला मात्र ऐटीत. सगळे त्याचेच फोटो काढत होते, आई मात्र त्या स्लॅबखालीच उभी, भिंतीवर हात फिरवत, "घाईत केलंय, पण पक्कं केलंय हो."

आणि मी मागच्या दिवाळीत तिच्याशी भांडून माळा रिकामा करून आले होते. तुम्ही ठेवता का असं काही, "लागेल कधीतरी" म्हणून?