शाळा सुटेपर्यंत दोन लाख

आमच्या वेळी शाळेत मायक्रोस्कोप एकच, तो पण कुलूपबंद, चावी हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये, त्यामुळे नववीपर्यंत आम्ही तो फक्त कपाटाच्या काचेतूनच बघितला. विज्ञानाच्या बाईंनी एकदाचा तो बाहेर काढला आणि शिपाईमामांच्या डब्यातलं दही काडीच्या टोकावर घेऊन काचपट्टीवर पसरलं, निळा रंग टाकला, धुतला, आणि आमची लाइन लावली. माझा नंबर आला तर मला माझ्याच पापण्या दिसल्या! तरी "दिसलं बाई" म्हणून सटकत होतो तर बाईंनी कॉलर धरून परत आणलं, "काय दिसलं ते सांग." मग डोळा जरा वर घेतला तेव्हा कुठे दिसल्या, बारीक बारीक निळ्या काड्या आणि मधेमधे मण्यांच्या माळेसारखे ठिपके. बाई म्हणाल्या हे बॅक्टेरिया, आईने काल विरजण घातलं ना, तेच हे. मी दोन दिवस दही खाल्लं नाही, आईला कारणही सांगितलं नाही.

पुढच्या तासाला बाईंनी फळ्यावर नुसतं एक लिहिलं. एक जंतू. चांगलं खायला आणि ऊब मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, नवरा-बायको काही लागत नाही, मधोमध तुटला की झालं (मागच्या बाकांवर हशा). शाळा अकराला भरते, पाचला सुटते, करा हिशेब. दोन, चार, आठ करत फळा भरला आणि शाळा सुटताना निघाले २,६२,१४४. कुणीतरी विचारलं मग बाई सगळं जग कसं भरून जात नाही? तर म्हणाल्या, खाणं संपतं की, आणि दह्यातले तर आपल्याच आंबटपणात अडकतात, दुधातली साखर खाऊन ॲसिड करतात आणि ते वाढलं की त्यांचीच वाढ थांबते. हे मला आजपर्यंत कुठल्याही पुस्तकात इतकं सोपं करून सापडलेलं नाही.

त्याच वर्षी जत्रेत बर्फाचा गोळा खाल्ला आणि टायफॉइड झाला, गोळ्यामुळेच झाला असं आई अजूनही म्हणते, असेलही, बर्फात जंतू मरतातच असं नाही. गोळ्या, म्हणजे औषधाच्या, सुरू झाल्या, चार-पाच दिवसांत ताप उतरला, मग उरलेल्या मी तुळशीवृंदावनामागे टाकल्या कारण कडू लागायच्या. पंधरा दिवसांनी ताप परत, आधीपेक्षा जोरात. बाई घरी आल्या. आईने सगळं सांगितलं, मला वाटलं आता मार. पण बाई उशाशी बसून एवढंच म्हणाल्या, "थोडे शिल्लक राहिले असतील. शाळा सुटेपर्यंत किती होतात रे?"

मी तापात उत्तर दिलं म्हणे, बरोबर दिलं म्हणे. मला काही आठवत नाही.

आता मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रोज ग्रॅम स्टेन करतो, म्हणजे जंतू रंगवून ओळखायची, १८८४ साली हान्स क्रिस्टियान ग्रॅमने काढलेली पद्धत, आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं, शेवटी गुलाबी. ज्या जंतूंची बाहेरची भिंत जाड ते जांभळा धरून ठेवतात, दह्यातले आपले तसले. पातळ भिंतीवाले धुतले जातात आणि गुलाबी दिसतात, टायफॉइडचा त्यातला. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं की जांभळे पण गुलाबी होऊन बसतात आणि रिपोर्ट चुकतो, नवीन पोरं इथेच गडबड करतात. आणि सर्दीला अँटिबायोटिक मागणारे तर रोज काउंटरवर येतात, सर्दी व्हायरसची, त्याला ही भिंतबिंत काहीच नसते, मग औषध मारणार कुणाला?

स्मरणिकेचं निमित्त करून बाईंना फोन केला. आता ऐकायला कमी येतं त्यांना. लॅबचं सगळं सांगितलं, ग्रॅम स्टेन वगैरे, "हो का, हो का" चाललं होतं. मग मधेच म्हणाल्या, "तूच ना तो पापण्या बघणारा?"