तुम्ही विचारलंत म्हणून: बाकीचं कधी शिकणार?

“सारखं आपलं लिफ्ट, लिफ्ट, लिफ्ट. मग बाकीचं कधी शिकणार?” हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, आणि मुलाला नुकतंच शाळेतून काढलेले, रात्र रात्र झोप न लागणारे आईबाप विचारतात. नातेवाइकांना मी “शिकेल हो” म्हणून मोकळी होते. हे उत्तर त्या आईबापांसाठी.

आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि त्याला लिफ्टचं वेड आहे. बाराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. फार विचार करून घेतलेला निर्णय वगैरे नव्हता तो. एका सोमवारी तो बूट घालायला बसला आणि एक बूट हातात धरून दीड तास तसाच बसून राहिला. त्यानंतरचे पाच-सहा महिने तो काहीच शिकला नाही. झोपायचा, पांघरुणात राहायचा, लिफ्टचे तेच तेच व्हिडिओ बघायचा. मी वेळापत्रक करून भिंतीवर लावलं आणि चार दिवसांनी मुकाट्याने काढलं. तुम्हीही या काळात असाल, तर ते लावूच नका.

आपण या मुलांना ‘स्वमग्न’ म्हणतो. मूळ शब्दही तसाच आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑयगेन ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञाने ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो बनवला. पण आमचा मुलगा स्वतःत मग्न असता तर जेवायची, पाणी प्यायची आठवण त्याला राहिली असती. तो मग्न असतो लिफ्टमध्ये. २००५ साली डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या तिघांनी मांडलेलं ‘मोनोट्रोपिझम’ मला म्हणूनच पटलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लक्ष देण्याची ताकद प्रत्येकाकडे मोजकीच असते. बहुतेकांचं लक्ष एका वेळी अनेक ठिकाणी थोडं थोडं वाटलेलं असतं, ऑटिस्टिक माणसाचं मात्र एकाच ठिकाणी सगळं लागतं. तिथून ते उपटून काढणं त्याला महागात पडतं. आता शाळेचा दिवस आठवा. दर चाळीस मिनिटांनी घंटा, दर घंटेला नवा विषय. त्याला गणित जड जात नव्हतं. गणितातून भूगोलात जाणं जड जात होतं.

एकाच गोष्टीची अशी आवड ऑटिझमच्या निदानाच्या निकषांमध्ये लक्षण म्हणून मोजतात. शाळेत ती बक्षीस झाली: पाच गणितं सोडव, मग दहा मिनिटं लिफ्ट. घरी मी त्याहून वाईट केलं. ‘आवडीतून शिक्षण’ हे शब्द कुठेतरी वाचून मी वर्कशीट बनवल्या. “एका लिफ्टमध्ये ८ माणसे मावतात, तर ५६ माणसांना किती फेऱ्या लागतील?” त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पुढचे तीन आठवडे माझ्यासमोर लिफ्ट हा शब्द काढला नाही. आपल्या आवडत्या माणसाच्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका कुणी लाल शाईने दाखवाव्यात, तसं काहीतरी झालं असावं. माझ्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी चूक.

नंतर मी फक्त जवळ बसू लागले. विणकाम घेऊन, गप्प.

आणि एके दिवशी त्यानेच विचारलं, “काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा जड का ठेवतात?” (काउंटरवेट म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला केबिनला तोलून धरणारं वजन.) मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. (हे फार उपयोगी पडतं. माहीत असूनही नाही म्हणण्याचं नाटक मात्र करू नका, लगेच कळतं त्याला.) त्याने स्वतःच मांडणी केली: केबिन ९०० किलोची, माणसं जास्तीत जास्त ६०० किलोंची. काउंटरवेट ९०० चं ठेवलं तर भरलेल्या लिफ्टला मोटरला ६०० किलोंचा फरक पेलावा लागणार. तेच १२०० चं ठेवलं तर लिफ्ट रिकामी असो की भरलेली, फरक ३०० च्या वर जात नाही. मग त्याच्या लक्षात आलं की रिकामी लिफ्ट वर जाताना काउंटरवेटच तिला ओढतं, मोटरला उलट ती आवरावी लागते. त्या दिवशी तो घरभर फिरत होता. त्यातून बल आलं, घर्षण आलं, वीज आली. मी ‘आज आपण बल शिकलो’ असं म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं.

इतिहासही असाच आला, क्रमाने नाही. दोर तुटला तरी लिफ्ट अडवून धरणारी यंत्रणा बनवणाऱ्या एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच चढवलेल्या फळीवर उभं राहून दोर कापायला लावला आणि फळी खाली कोसळली नाही. तिथून हा निघाला तो लिफ्टच्या आधी वरच्या मजल्यांवर कोण राहायचं, इथपर्यंत पोचला. जिने चढावे लागत, म्हणून बहुधा गरीब. लिफ्ट आली आणि वरचे मजले श्रीमंतांचे झाले. समाजशास्त्राचं पुस्तक त्याने तीनदा भिंतीवर फेकलेलं आहे, हे इथे सांगायला हवं.

आवड बदलली तर काय, अशीही भीती असते. आमच्याकडे तरी बदलली नाही, फांद्या फुटल्या. लिफ्ट एका दिशेने जाताना वाटेतले सगळे मजले घेते, मग उलटी फिरते. संगणकाच्या हार्ड डिस्कवरची माहिती वाचणारं हेड हलवायच्या एका पद्धतीला याच कारणाने ‘एलिव्हेटर अल्गोरिदम’ म्हणतात, हे कळल्यावर तो प्रोग्रामिंग शिकला. स्वतःची लिफ्ट संगणकावर चालवली, थांबण्याच्या वेळा मोजल्या. सरासरी छान आली. तो मात्र खूश नव्हता. “तिसऱ्या मजल्यावरचा माणूस चार मिनिटं उभा राहिला. त्याला सरासरी सांगून काय उपयोग?”

मित्रांचं काय, हा पुढचा ठरलेला प्रश्न. त्याचा मित्र साठीचा लिफ्ट मेकॅनिक आहे. मशीन रूम बघू द्याल का, हे विचारायला त्याने चार खर्डे करून पत्र लिहिलं. ज्या मुलाला निबंधाच्या तासाला पोटात दुखायचं, त्याचे चार खर्डे! काका महिन्यातून एकदा भेटतात, डोळ्यांत बघून बोल म्हणत नाहीत.

आता न आलेलं. कविता नाही आली. फोन उचलणं अजून येत नाही. पैसे मोजणं, भांडी घासणं, तहान लागली आहे हे ओळखणं लिफ्टमधून येत नाही, ते सरळ शिकवावं लागतं, तेही तो लिफ्टमध्ये मग्न नसताना. म्हणून दारावर पाटी आहे, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. लाल म्हणजे तो मग्न आहे, तेव्हा मी आत जात नाही, जेवणाचं ताट फक्त ठेवते.

हल्ली त्याला विजेच्या कामाचा अभ्यासक्रम करायचा आहे, त्यासाठी परीक्षा लागते, आणि परीक्षेत भाषेचा पेपर आहे. रोज पंचवीस मिनिटं तो उताऱ्यावरचे प्रश्न सोडवतो, चेहरा कडू औषध घेतल्यासारखा करून. घड्याळ त्यानेच लावलंय. ते वाजलं की वाक्य अर्धवट सोडून उठतो, आणि मी काही बोलत नाही.