आकडी

१९७२ साली मी आठवीत होतो, शाळेच्या बोर्डिंगात. नगरचा (आता अहिल्यानगर, पण तोंडाला सवय जुनीच) तो दुष्काळ आमच्या वयाच्या माणसांना सांगावा लागत नाही. आई गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडायची. रोज संध्याकाळी प्रार्थनेत आम्ही पोरं पाऊस मागायचो. जून गेला, जुलै गेला, पोळाही कोरडा गेला. एकदा मी चिडून बाईंना विचारलं, "देव ऐकतो ना? मग पाडत का नाही?"

बाई म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही रे."

शिक्षकाच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याच आठवड्यात बायबलमधलं २३वं स्तोत्र पाठ करायला होतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' आम्ही घडाघडा म्हणायचो. 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' इथे बाईंनी अर्थ सांगितला, की मेंढरू चुकलं तर धनी काठीने वळणावर आणतो. मागच्या बाकावरचा धनगराचा पोरगा उठला. "बाई, काठीचं बराबर हाय. पन आकडी मेंढरासाठी नसती, झाडासाठी असती." रान जळून गेलं की त्याचा बाप लांब काठीला बांधलेल्या आकडीने बाभळीची डहाळी खाली ओढायचा, शेंगा पाडायचा. "मेंढरू वर बघतच न्हाई. त्याला काय ठावं, खाया वर हाय म्हनून!"

दुसऱ्या दिवशी तो आकडीच घेऊन आला. मधल्या सुट्टीत आम्ही तिने शाळेच्या चिंचेवर हात साफ करून घेतला, तेव्हा बाईंनी ती काढून घेतली आणि वर्गातल्या कपाटामागे उभी करून ठेवली.

पुढे चर्चच्या एका पाळकसाहेबांनी सांगितलं, की मूळ हिब्रूत सोटा आणि टेकायची काठी असा अर्थ आहे. असेल. माझ्या डोळ्यांपुढे बाभळच येते.

बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. स्तोत्राच्या सुरुवातीला देव 'तो' आहे: तो मला नेतो, तो बसवतो. मृत्युच्छायेची दरी आली, की एकदम 'तू माझ्याबरोबर आहेस'. तेव्हा मला ते व्याकरण वाटलं होतं.

२०२१च्या एप्रिलमध्ये बायको दवाखान्यात होती. आत सोडत नव्हते. बाहेर पायरीवर बसून मी स्तोत्र म्हणायला लागलो, ते 'तू'पाशी अडलं. रात्रभर तेवढंच म्हणत राहिलो. ती घरी आली नाही. पण त्या पायरीवर मी एकटा होतो असं मला आजही म्हणवत नाही. का, ते विचाराल तर बाईंचंच उत्तर देईन.

आमच्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवाला शाळेत येतोच आहे. जुनी इमारत पाडली नसेल, तर आठवीच्या वर्गातलं ते कपाट जरा सरकवून बघा.