स्पर्धेआधी ओकारी येते, सांगायची लाज कसली

खरं सांगायचं तर मी आयुष्यात बर्फ पाहिला तो म्हापशाच्या मासळी बाजारात, पेट्यांत भरलेला, तेव्हा स्कीइंगवर मी बोलणं म्हणजे कमालच आहे. पण गेले काही महिने मी त्या अमेरिकेच्या स्कीपटू मिकाएला शिफ्रिनच्या नादी लागलेय. भाच्याने एकदा मोबाईलवर तिची स्लॅलमची रेस, म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांच्या 'गेटां'मधून नागमोडी खाली यायची शर्यत, दाखवली आणि मग माझं मीच शोधत बसले.

झालं काय, आमच्या महिला भजनी मंडळात मी गेली नऊ वर्षं गाते, आणि प्रत्येक स्पर्धेच्या आधी मला ओकारी येते. म्हणजे खरोखरची, देवळामागे नळाजवळ जाऊन. बायका म्हणतात इतकी वर्षं झाली गे, अजून कसली भीती? मलाही तेच वाटायचं, की आपण कच्च्याच. आणि मग कळलं की २०१४ साली सोचीला अठराव्या वर्षी ऑलिंपिक गोल्ड घेतलेली ही पोरगी २०१८ला प्योंगचांगमध्ये स्लॅलमच्या आधी ओकली होती. त्या रेसमध्ये चौथी आली, पण त्याच ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचं, म्हणजे गेटं लांब लांब असलेल्या जास्त वेगाच्या प्रकारातलं, गोल्ड तिने आधीच घेतलं होतं.

मग २०२२चं बीजिंग. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम, दोन्ही तिचे हातखंडा प्रकार, दोन्हीत सुरुवातीच्या गेटांतच बाहेर, आणि ती उताराच्या कडेला बर्फात डोकं खाली घालून कितीतरी वेळ बसून राहिली, सगळं जग बघत असताना. वैयक्तिक एकही मेडल नाही. दोन वर्षांपूर्वीच वडील गेलेले. आपण असतो तर घरी येऊन दार लावून घेतलं असतं. तिने पुढच्याच वर्षी स्वीडनच्या स्टेनमार्कचा ८६ वर्ल्ड कप विजयांचा (वर्ल्ड कप म्हणजे इथे हंगामभर चालणारी शर्यतींची मालिका) रेकॉर्ड मोडला.

पण मला त्याहून जास्त आवडलं ते पुढचं. नोव्हेंबर २०२४, अमेरिकेतलं किलिंग्टन, जायंट स्लॅलममध्ये शंभराव्या वर्ल्ड कप विजयासाठी उतरली होती, दोनपैकी पहिल्या रननंतर (फेरीनंतर) पुढे होती, आणि दुसऱ्या रनमध्ये पडली. पोटाला भोसकल्यासारखी जखम, ऑपरेशन. दोन महिन्यांनी परत उतरली ती स्लॅलममध्ये. जायंट स्लॅलमची मात्र धास्ती बसलेली, म्हणून फेब्रुवारीतल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये त्या रेसमधून तिने नाव काढून घेतलं, आणि मनावरचा आघात आहे हे उघड सांगून टाकलं. आमच्याकडे कोणी असं केलं असतं तर पेटीवाल्यापासून कोरसपर्यंत सगळ्यांनी तोंड वाकडं केलं असतं, 'नाटकं' म्हणून. त्याच महिन्यात इटलीतल्या सेस्त्रिएरेला स्लॅलम जिंकून तिने शंभर पूर्ण केले.

लहानपणी आईवडिलांनी तिला रेसपेक्षा सरावच जास्त करायला लावला म्हणे, तंत्र पक्कं होईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. हे वाचून मला आमचे बुवा आठवले, रूपाच्या अभंगाची एकच ओळ पाऊणपाऊण तास घोटून घेणारे. तेव्हा राग यायचा, आता कळतं की पोटात ढवळत असताना गळ्याला आपोआप आठवते ती तेवढीच ओळ.

रविवारी सावर्डेला स्पर्धा आहे, आमचा नंबर सातवा. आल्याचा तुकडा आणि एक जादा रुमाल पर्समध्ये टाकून ठेवलाय.