डाय खरी होती हो!

भोसरीच्या टूलरूममध्ये, म्हणजे प्रेसचे ठसे (डाय) घडवायच्या खात्यात, ३१ वर्षं काढली की एक खोड लागते, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. प्रेसमधून निघालेली कुठलीही वस्तू हातात आली की नजर आधी तिच्या कडेवर जाते. लग्नात आहेर आलेलं स्टीलचं ताटसुद्धा मी उलटं करून बघतो. बायको वैतागते.

या हिवाळ्यात चार महिने मुलीकडे होतो, जर्मनीत फॉर्ट्सहाइमला. दागिन्यांचं आणि घड्याळांचं गाव. २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री झालेल्या बॉम्बफेकीत इथली १७ हजारांवर माणसं गेली, त्यामुळे जुनं गाव असं फारसं उरलेलं नाही. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. त्यांचं इंग्रजी नि माझं जर्मन दोन्ही मोडकंच, पण व्हर्निअर दोघांनाही वाचता येतो. एका संध्याकाळी त्यांनी रुमालाची घडी उलगडून माझ्यासमोर एक क्रॉस ठेवला. रिटरक्रॉइट्स, दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन शौर्यपदक. गळ्यात घालायचा, आयर्न क्रॉसच्या वरच्या दर्जाचा. सबंध युद्धात सात हजारांच्या थोडे वर दिले गेले, म्हणून आज खरा मिळाला तर किंमत हजारो युरोंत जाते. पुतण्याने विकत घेतला होता. ‘हेर इंजिनिअर, बघा जरा,’ म्हणाले.

हिटलरच्या फौजेचं पदक हातात घेताना बरं वाटलं असं नाही. पण काम म्हणून बघायचं तर वस्तू देखणी. मधोमध काळा रंगवलेला लोखंडी गाभा, त्याला पुढून-मागून चांदीची दाणेदार चौकट, दोन्ही अर्धे एकमेकांना झाळलेले. रुंदी ४८ मिलिमीटरच्या आसपास. वरच्या कडीखाली ‘८००’, म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. लोहचुंबक चिकटला. चिकटणारच, पण लोखंडाचा तुकडा मिळवणं नकली माल करणाऱ्याला कुठे जड आहे?

मग भिंग लावलं. साच्यात ओतून केलेली नक्कल लगेच सापडते. अस्सल नगाचा ठसा घेऊन ओतकाम केलं की धातू थंड होताना आवळतो, नग मूळपेक्षा किंचित लहान निघतो, दाण्यांची टोकं बोथट होतात आणि खोबणीत सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. इथे यातलं काहीच नव्हतं. दाणे तीक्ष्ण, झाळीची रेघ कानशीने नीट मारलेली. हे प्रेसचंच काम.

आणि दाण्यांच्या ओळीत मला एक बारीक उंचवटा दिसला. टूलरूमवाल्याला यासारखा आनंद नाही! डायला तडा गेला की प्रेसच्या दाबाने धातू त्या तड्यात घुसतो, त्यामुळे डायवरची खोल चीर नगावर उठून दिसते. ही डायची जन्मखूणच म्हणा. जावयाने संग्राहकांचे मोठे केलेले फोटो काढून दिले आणि अर्ध्या तासात जुळलं. लुडेनशाइडच्या श्टाइनहाउअर उंड ल्युक कारखान्याची चौकट. तोच दाणा, तोच उंचवटा. मी छाती फुगवून ‘एष्ट’ म्हणालो, म्हणजे अस्सल. आजोबांनी बिअर उघडली. माझी बिअर संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी कपाटातून एक छापील फोटो काढला. तसाच क्रॉस, पण गाभ्यावर स्वस्तिकाऐवजी ओकची पानं. २६ जुलै १९५७ च्या पश्चिम जर्मन कायद्याने माजी सैनिकांना युद्धातली पदकं लावायला परवानगी दिली, मात्र स्वस्तिक काढून. म्हणून नवे क्रॉस घडवावे लागले आणि ते घडवायला जुन्याच डाय बाहेर निघाल्या. फोटोतल्या चौकटीवर माझा तोच उंचवटा होता, फक्त तडा शेजारच्या दाण्यापर्यंत पोचलेला.

डायचा तडा कधी भरून येत नाही, वाढतच जातो. हे मीच पोरांना शिकवत आलो आणि मीच विसरलो! पुन्हा भिंग लावलं. पुतण्याच्या क्रॉसवरचा तडा १९५७ च्या फोटोतल्याइतकाच लांब होता, युद्धकाळातल्या नगांसारखा तोकडा नव्हता. म्हणजे चौकट युद्धानंतरची आणि तिच्यात कुणीतरी नंतर स्वस्तिकाचा गाभा बसवलेला. जावयाने नोटा तपासायचा निळा दिवा आणला, त्याखाली फितीचा धागा लख्ख पांढरा चमकला. कापडाला अशी चमक आणणारी रसायनं युद्धानंतरच सर्रास आली. पण फीत बदललेलीही असू शकते, म्हणून मी ती पुराव्यात धरली नाही. पुतण्याने मात्र तेवढ्यावरून फोनवर बराच आरडाओरडा केला म्हणे.

आता माझं सांगतो. दोन आठवड्यांपूर्वी मी जुन्या बाजारातून नव्वद युरोंना एक पदक घेतलं होतं आणि कुणाला दाखवलं नव्हतं. विकणाऱ्याच्या टेबलावर स्वस्तिकांवर कागदाचे तुकडे चिकटवलेले (इथे कायदाच तसा आहे, मुलगी दिवाळीच्या रांगोळीतही स्वस्तिक काढत नाही). एका पदकावर मात्र कागद नव्हता. ‘आझाद हिंद’! नेताजींनी १९४२ मध्ये जर्मनीत असताना सुरू केलेलं, तिथे त्यांनी उभारलेल्या भारतीय सैन्याच्या, म्हणजे लीजनच्या, आपल्या जवानांनाही मिळालेलं आणि काही जर्मनांनाही. घडलं होतं व्हिएन्नात. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, मग भाव काय करणार!

आजोबांनी ते तळहातावर घेतलं, मागची कड बघितली आणि भिंग माझ्याच हातात दिलं. व्हिएन्नातल्या डायही युद्धातून वाचल्या होत्या आणि पुढे त्यांवरून नवे नग निघत राहिले. पदकावरच्या तलवारींच्या मागे झाळ कोरी करकरीत, कुठे काळपट पडलेली नाही. कोपऱ्यात तडा होता, चांगला लांबच.

जावयाने विचारलं, ‘बाबा, काय मग?’

‘डाय खरी आहे,’ मी म्हणालो.

पदक आता पुण्यात आहे, माझ्या मायक्रोमीटरच्या पेटीत. बायकोला किंमत वीस युरो सांगितली आहे.