सिलिका किती टाकली, आणि ती बसली कुठे?

दोन पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिक-रबरासारख्या पदार्थांच्या, मिश्रणात सिलिकाची बारीक पावडर किती टक्के टाकली, हे सगळेच विचारतात. ती नेमकी कुठे जाऊन बसली, हे फार थोडे जण विचारतात. माझ्या मते आधी हा दुसरा प्रश्न विचारायला हवा.

मी कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे वितळलेल्या पॉलिमरमध्ये पावडरी वगैरे मिसळण्याच्या कामात आहे. दोन स्क्रूंनी माल मळणाऱ्या ट्विन स्क्रू मशिनमधून पडलेले दाणे कितीही निरखले तरी बॅरलच्या, म्हणजे स्क्रूभोवतीच्या तापत्या नळकांड्याच्या, आत काय झालं ते कळत नाही. म्हणून नवीन मुलं आली की त्यांना मी आधी मशिनवर नेत नाही, सूक्ष्मदर्शकासमोर बसवते. दोन काचांच्या मध्ये पॉलिआयसोब्युटिलीन हा घट्ट, द्रवरूप पॉलिमर आणि त्यात सिलिकॉन तेल या दुसऱ्या पॉलिमरचे थेंब. दोन्ही पारदर्शक, खोलीच्या तापमानालाही वाहणारी आणि एकमेकांत न मिसळणारी. एक काच हळूहळू फिरवली की थेंब ताणले जातात, तिरके होतात.

इथे दोन बळांची झटापट चालते. प्रवाह थेंबाला ओढतो, पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करू पाहतो. जी. आय. टेलर यांनी १९३२ आणि १९३४ साली हे गणित मांडलं आणि प्रयोगही केले. दोन्ही द्रव सारखेच घट्ट असतील, तर ओढ आणि ताण यांचं गुणोत्तर साधारण ०.५ च्या वर गेलं की थेंब तुटतो. घट्टपणा १०० पास्कल-सेकंद, शिअर (थर एकमेकांवरून घसरण्याचा दर) सेकंदाला १ आणि पृष्ठताण २.५ मिलिन्यूटन प्रति मीटर धरा: साधारण १२ मायक्रॉन त्रिज्येपेक्षा मोठे थेंब टिकत नाहीत. लहान थेंब मात्र एकमेकांवर आदळतात, मधल्या द्रवाचा पातळ पापुद्रा निसटून जातो आणि दोघांचा एक होतो.

आता त्यात चिमूटभर जलविरोधी, म्हणजे पृष्ठभागाला पाणी न आवडणारी, सिलिका घाला.

तिला दोन्ही पॉलिमर थोडे थोडे आवडतात, त्यामुळे ती सीमेवर जाऊन बसते. एकदा बसली की उठत नाही. २.५ मिलिन्यूटनच्या सीमेवर अर्धा-अर्धा बुडालेला, १०० नॅनोमीटर त्रिज्येचा कण बाहेर काढायला उष्णतेच्या हेलकाव्यांतल्या ऊर्जेच्या सुमारे १९,००० पट ऊर्जा लागते. १० नॅनोमीटरच्या कणाला फक्त १९० पट, कारण हिशेब त्रिज्येच्या वर्गाने चालतो. पुरेसे कण जमले की थेंबावर दुधासारखी साय धरते. मग दोन थेंब आदळले तरी पापुद्रा फुटत नाही. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या संशोधकांनी २००४ साली याच जोडीवर दाखवलं की नॅनो सिलिकामुळे थेंबांचं एकत्र होणं दबतं. माझ्या काचेवर मला सर्वांत जास्त आवडतं ते पुढचं दृश्य: प्रवाह थांबवला तरी असा थेंब गोल होत नाही, लांबुळका, वेडावाकडाच राहतो.

पण कण कमी पडले तर? तेव्हा एकच कण दोन थेंबांच्या सीमांवर एकाच वेळी बसतो आणि दोघांना सांधतो. थेंबांचे घोस होतात. काही मिश्रणांत असे अपुरे कण एकत्रीकरण उलट वाढवतात. त्यामुळे ‘मॅडम, थोडीशी घालून बघू का?’ असं कुणी विचारलं की मी आधी थेंबांचं एकूण क्षेत्रफळ काढायला लावते.

कण थेंबाच्या आत गेले तर गोष्टच वेगळी. थेंब घट्ट होतो. बाहेरच्या पॉलिमरच्या सुमारे ४ पट घट्ट झाला की साध्या शिअरमध्ये तो तुटेनासा होतो, नुसताच गरगरत राहतो. मग ताणणारा प्रवाह हवा, म्हणजे स्क्रूची मांडणीच बदलावी लागते. आरपीएम वाढवून हे सुटत नाही, फक्त माल तापतो.

पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीनच्या मिश्रणावर फ्रान्समधल्या ल्यों इथे झालेलं २००७ सालचं काम मी मुलांना आवर्जून वाचायला देते. जलस्नेही सिलिका पॉलिस्टायरीनमध्ये शिरली. जलविरोधी पॉलिप्रॉपिलीनमध्ये आणि सीमेवर राहिली. फरक होता तो फक्त कणांच्या पृष्ठभागाचा.

त्यात क्रमाची भर पडते. सिलिका आधी कुठल्या पॉलिमरमध्ये मळली, यावर ती सीमेपर्यंत पोचते की नाही ते ठरतं, कारण इतक्या घट्ट वितळात ती स्वतःहून फार फिरत नाही. प्रवाहच तिला तिथे नेऊन सोडतो. बॅरलमधला वेळ संपला की ती असेल तिथेच थिजते. आमच्या बॅच कार्डावर टक्केवारीशेजारी ‘कशात आधी’ असा रकाना मी मुद्दाम घालून घेतलाय. तो रिकामा असेल, तर मी लॉटवर सही करत नाही.