ओंदु, एरडु, मूरु

फणस फोडायचा कार्यक्रम आमच्याकडे दुपारची जेवणं उरकल्यावरच होतो, कारण त्यानंतर तास-दोन तास कुणाचेच हात कामाचे राहत नाहीत. परवा गरे निघाले, आठळ्या धुऊन सुपात गेल्या, मंडळी खोबरेल तेलाने बोटांचा चीक काढत बसली आणि मी सालीचा एक मोठा तुकडा पुढ्यात ओढून बघत राहिले.

फणस म्हणजे एक फळ नव्हे, एकाच दांड्यावर दाटीवाटीने बसलेल्या फुलांचं मिळून झालेलं गाठोडं. बाहेरचा एकेक काटा एकेका फुलाचा. हे शाळेत शिकवलेलं, परीक्षेत लिहिलेलंही. पण बघितलं होतं कुणी? कुठल्या काट्याला पाच कडा, कुठल्याला सहा. देठाजवळ जागा कमी, तिथे बिचारे अंग चोरून बसलेले. पोटाच्या भागात ऐसपैस. एकाही काट्याने शेजाऱ्याची हद्द ओलांडलेली नाही. (आमच्या बेळगाव भागात हद्दीचं एवढं कौतुक वाटणं साहजिकच आहे.)

"ते टाकू नका, मला काढायचंय," म्हटलं, तर वहिनी म्हणाली, "गाईला घालायचंय ते. लवकर काय ते काढून घ्या."

हे वेड मला भाचीने लावलं. मागे सुट्टीत येताना तिने काळं बारीक टोकाचं पेन आणि जाड कागदाचे चौकोनी तुकडे आणले. झेंटँगल म्हणे. अमेरिकेतल्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांनी काढलेली पद्धत. मारियाबाई सुलेखन करणाऱ्या. अक्षरामागची बारीक नक्षी भरता भरता त्यांची तंद्री लागायची, वेळेचं भान सुटायचं. ते सगळ्यांना जमेल असं करू या, म्हणून दोघांनी हा घाट घातला. कागद साडेतीन इंची. चार कोपऱ्यांत पेन्सिलीने चार ठिपके, ते जोडून चौकट, आत एक मनाला येईल तशी वळणारी रेघ, आणि त्या रेघेने पडलेल्या कप्प्यांत पेनने एकेक नक्षी. शेवटी पेन्सिलीची सावली. खोडरबर द्यायचाच नाही. चुकलं असं काही नसतंच, जे उमटलं ते पुढे घेऊन जायचं.

ठिपके म्हटल्यावर मी खुशीत आले. 15 ते 8 ची रांगोळी डोळे मिटून घालणाऱ्या घराण्यातली मी, चार ठिपक्यांना काय भिते! पण अर्धा कप्पा भरतोय न भरतोय तोच भाची म्हणाली, "आत्या, तू पुटपुटालीस काय?"

पुटपुटत होते खरी. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.

"मोजायचं नसतं गं यात. नुसतं काढत राहायचं. डोकं रिकामं होतं."

डोकं रिकामं करायची सोय आमच्या आज्जीच्या हाताखाली नव्हती. आज्जी कसुती घालायची, म्हणजे सुईदोऱ्याचं भरतकाम. काळ्या चंद्रकळेवर, इरकली लुगड्याच्या टोपपदराजवळ, कधी नुसत्या खणावर सुद्धा. गोपूर, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन. कापडावर आधी काही आखून घेणं नाही, छापा नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्यावरून सुई चालवायची. गावंटी, मुर्गी, नेगी, मेंथी असे चार टाके. त्यातली गावंटी तिची लाडकी. जाताना एक टाका वर एक खाली असं साधं धावत जायचं, आणि येताना राहिलेल्या फटी भरत परत यायचं. रेघ अखंड होते, आणि पुढून जशी तशीच मागून. मुर्गी तशीच, फक्त पायऱ्या पायऱ्यांनी चढणारी. सुरुवातीला गाठ मारायची नाही, शेवटीही नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांतच जिरवायचं.

दुपारी सोप्यावर उजेड चांगला असायचा. आज्जी भिंतीला टेकून एक पाय लांब करून बसायची, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी तिच्या गुडघ्याशी हरकाम्या: दोरा ओवून दे, कात्री दे, पाणी आण, आणि अधूनमधून "बघू तुझं." माझ्या हातात रुमालाएवढं कापड. मी मोठ्या दिमाखात तुळशीवृंदावन पुढे करायची. आज्जी त्याच्या पुढच्या बाजूकडे ढुंकूनही बघायची नाही. कापड फटकन उलटं करायची, खिडकीकडे धरायची आणि म्हणायची, "मागनं बघ की जरा. उसव."

तर तिच्या लेखी चुकलं असं असायचं, आणि ते मागच्या बाजूला असायचं.

आज्जीचे सगळे व्यवहार मराठीत. दुधाचा हिशेब मराठीत, पाढे मराठीत, देवाशी भांडण मराठीत. कसुतीचे धागे मात्र कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. कारण तिला ते शिकवलं शेजारच्या अक्कांनी, आणि अक्का बैलहोंगलकडच्या. त्यांनी मोजलं तसं हिने मोजलं, हिने मोजलं तसं मी. बाहेर चौकात भाषेवरून सभा, मोर्चे, पाट्यांना डांबर, काय काय चालायचं. आमच्या सोप्यावर मराठी घरातली बाई कानडीत हत्ती मोजत असायची. यात कुणाला काही विशेष वाटल्याचं आठवत नाही. मला तर हे आकडे सुईबरोबरच येतात असं वाटायचं. शाळेत कानडीच्या तासाला ते पुन्हा भेटले तेव्हा, अरे, हे इकडे कुठे, असं झालं होतं.

त्या शिक्षणाने माझी एक खोड पक्की झाली. हाती येईल ते मी उलटं करून बघते. खडे बाजारात साडीच्या दुकानात बसलं की दुकानदार पदर पसरतो आणि मी तो उलटा करते. शहापूर-वडगावच्या मागावरची साडी असो नाहीतर कुठलीही, मागे सुटलेले दोरे दिसले की माझं मन उडालं. वहिनी आता माझ्याबरोबर खरेदीला येत नाही. निमंत्रणपत्रिका, ताट, दुसऱ्याच्या घरातली गोधडी, काही सुटत नाही. कागदावरची नक्षी सुद्धा मी पुरी झाली की उलटी करते. तिथे असणार काय? शाई जास्त झाली असेल तर चार काळे डाग. भाचीला हे बघून हसू आवरत नाही.

पण नुसतं आज्जीवर ढकलून चालायचं नाही. तात्यांचंही रक्त आहेच. आमच्याकडे फोन आला तेव्हा त्याच्या शेजारी दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन आणि नंबरांची वही असायची. तात्या बोलायला लागले की हात आपोआप वहीवर. एक चौकोन, त्यात चौकोन, त्याला कोपऱ्यातून रेघा, वर कळस. बोलणं लांबलं की कळसावर कळस. पुण्याच्या काकांच्या नंबराभोवती तर अख्खं देऊळच उभं राहिलं होतं. त्यातून नंबर शोधायला आईला भिंग लागायचं. काका वाटणीचं बोलायचे. तात्या नुसतं "हं... हं..." करायचे आणि चौकोन गडद करत जायचे. कागद फाटेपर्यंत. त्यांची तंद्री लागली होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझ्या नक्षीत त्यांचे चौकोन येतात. काढायचे म्हणून नाही, येतात.

बाकीचं रान पुरवतं. पाऊस ओसरल्यावर खानापूरच्या पुढे जांबोटीकडे निघालं की रस्त्याकडेच्या सागाची पानं बघावीत. अळ्यांनी मधला हिरवा गर खाऊन टाकलेला असतो आणि शिरा तेवढ्या ठेवलेल्या. मधली जाड शीर, तिच्यापासून फुटलेल्या आडव्या, त्यांना जोडणाऱ्या आणखी बारीक, आणि त्यांच्यामध्ये मोहरीच्या दाण्याएवढे चौकोन. पान उन्हात धरलं की पलीकडची एसटी दिसते. झाडाचं नुकसान ते नुकसानच, पण पुढून-मागून सारखं काम बघायचं तर हेच. तसलं एक पान मी वहीत ठेवलं होतं, त्याचा भुगा झाला.

आणि किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. 1204 मधलं बांधकाम, आत नेमिनाथ, आणि मंडपाच्या छताला उलटं लटकलेलं दगडी कमळ. लहानपणी शाळेच्या सहलीत त्याच्याखाली उभं राहून पाकळ्या मोजायला घेतल्या होत्या. मान मोडून येईपर्यंत वर बघितलं, मध्येच कुणीतरी ढकललं आणि आकडा गेला. पुढे कितीदा गेले असेन, पण आकडा तिथेच कुठेतरी जातो.

भाची परवा फोनवर विचारत होती, "आत्या, काढतेस ना अजून? शांत वाटतं की नाही?"

मी हो म्हटलं, कारण तिने पेनं स्वतःच्या पैशाने आणली होती. खरं म्हणजे शांत वगैरे काही होत नाही. कप्पा भरायला घेतला की आज्जी "उसव" म्हणते, तात्या "हं" म्हणतात, काका वाटणीचं काढतात, मी आकडे घोकते, आणि एवढ्या गोंगाटात तो साडेतीन इंच कधी भरतो ते कळत नाही. परवा शेजारच्या बाईंनी फणसाच्या काट्यांचं चित्र बघून "भाळ छलो आगेद" म्हटलं, म्हणजे फार छान झालंय. मी ते त्यांच्या हातून घेऊन उलटं करून दाखवणार होते, थांबले.

आणि तेव्हा एकदम अक्का आठवल्या. आज्जीची कसुती अख्ख्या गल्लीला माहीत. तिने घातलेल्या लुगड्याचा एक तुकडा काकूने चौकटीत लावून घेतलाय, आल्यागेल्याला दाखवते. अक्कांनी घातलेलं मी काहीच बघितलेलं नाही. त्यांना हे कुणी शिकवलं, त्यांच्या पोरीबाळींनी पुढे घेतलं का, आमच्या घरात कुणी विचारल्याचं आठवत नाही. मी आज्जीच्या गुडघ्याशी बसायची तेव्हा अक्का दाराच्या चौकटीला टेकून बसलेल्या असायच्या, अडकित्त्याने सुपारी कातरत, आणि आज्जीचा आकडा चुकला की न बघताच पुढचा सांगायच्या. त्यांच्या घराच्या जागी आता गाळे आहेत. त्यांचं नाव काय होतं, ते मला सांगता यायचं नाही.